खाडीवर पक्षी लांबूनही ओळखू येतात, मग येऊरच्या जंगलात काहीच का दिसत नाही?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: तुम्ही ऐरोलीत राहता, तीन वर्षं ठाणे खाडीवर पक्षी बघता आणि रोहित, शेकाट्या, तुतारी, चिखल्या हे आता लांबूनही ओळखता. या हिवाळ्यात सहा वेळा ठाण्याजवळच्या येऊरला आणि एकदा पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात गेलात. दर खेपेला बुलबुल, सातभाई आणि माकडं एवढीच नोंद झाली. लांब शेपटीचा एक काळा पक्षी दुर्बीण लावेपर्यंत उडून गेला. मोबाइलवरच्या मर्लिनने, म्हणजे आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपने, त्याच मिनिटाला शिक्रा आणि सर्पगरुड अशी दोन शिकारी पक्ष्यांची नावं दाखवली, पण आभाळात काहीच नव्हतं. एकदा दरीतून कुत्रा भुंकल्याचा आवाज आला. बाकी प्राणी एकही नाही. म्हणून आता नवी दुर्बीण घ्यावी की कॅमेरा, असं तुम्ही विचारलंय.

दुर्बिणीचं आधी सांगून टाकते. तुमची १० बाय ५०, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण खाडीसाठी उत्तम आहे, ती ठेवाच. जंगलात ८ बाय ४२ जास्त सोयीची पडते. तिच्यात दिसणारा भाग रुंद असतो, त्यामुळे पानांतला पक्षी पटकन सापडतो. हात कमी हलतो, आणि चांगल्या बनावटीची असेल तर दोन-अडीच मीटरवरचंही स्पष्ट दिसतं. पण तुमची अडचण दुर्बिणीत नाही, त्यामुळे सध्या पैसे खर्च करू नका. कॅमेरा तर निदान वर्षभर नकोच. पक्षी दिसायच्या आत फोटो काढायची घाई होते आणि डोळा तयार व्हायचा राहून जातो.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं: ‘सकाळी सहा तासांत साधारण नऊ किलोमीटर फिरलो.’ मी गेली बावीस वर्षं येऊरला लोकांना घेऊन जाते. तीन तासांत आम्ही फार तर दीड किलोमीटर जातो, कधीकधी तेवढंही नाही.

खाडीवर पक्षी उघड्यावर असतो. ओहोटीला चिखल मोकळा झाला की तो समोर येऊन चरतो आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच असतो. तुम्ही आख्खा पक्षी बघता, चोचीपासून पायापर्यंत, आणि मग निवांत पुस्तक उघडता. जंगलात आख्खा पक्षी क्वचित मिळतो. मिळते हललेली फांदी, शेपटीचं टोक, एक शीळ, पाचोळ्यातली खसखस. तीन वर्षांत तुमच्या डोळ्याला पूर्ण चित्राची सवय झाली आहे. तो जंगलातही तसंच चित्र शोधतो, आणि ते मिळालं नाही की ‘काही नाही’ म्हणून पुढे जातो. काही नसतं असं नाही. तुम्ही त्याच्याजवळून चालत गेलेला असता.

आता काही गोष्टी परिस्थितीवर असतात, त्या आधीच मान्य करते. येऊर आणि कर्नाळा दोन्ही पानझडीची जंगलं. ऑगस्टमध्ये दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, फेब्रुवारीत साग उघडा पडला की समोरच्या टेकडीवरची फांदीही दिसते. रविवारी सकाळी गाड्या, क्रिकेटची मुलं आणि आदल्या रात्रीच्या पार्ट्यांचा कचरा, यात प्राणी रस्त्याजवळ येणार नाहीत. मधल्या वारी जाता आलं तर फरक पडतो. आणि सस्तन प्राण्यांबद्दल स्पष्ट बोलायचं, तर हे ताडोबा नाही. इथे जीपमध्ये बसून गवताळ मैदानावर चितळांचे कळप बघायचे नाहीत. तिन्ही बाजूंनी शहर असलेल्या, शंभर चौरस किलोमीटरच्या आसपासच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं येऊर हे एक अंग आहे. इथला बिबट्या, सांबर, उदमांजर, साळिंदर हे सगळे माणसांची वेळ टाळून वावरतात. त्यामुळे पक्ष्यांबाबत मी तुम्हाला बरीचशी खात्री देऊ शकते, प्राण्यांबाबत फक्त खुणांची.

पहिला बदल चालण्यात करायचा. वीस पावलं चाला आणि थांबा. चांगली जागा दिसली, म्हणजे ओढ्याचं वळण, फळलेलं झाड किंवा जंगलाला लागून असलेली मोकळी जागा, की बसा. घड्याळ लावून वीस मिनिटं. पहिली आठ-दहा मिनिटं जंगल तुमच्यामुळे गप्प असतं. मग आवाज परत येतात. बहुतेक लोक नेमके सातव्या मिनिटाला कंटाळून उठतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

बसल्याचा सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे मिश्र थवा. जंगलातले लहान कीटकभक्षी पक्षी एकेकटे विखुरलेले नसतात, पावसाळा संपल्यावर तर ते बहुधा टोळीने हिंडतात. अर्धा तास काही नाही, आणि अचानक एकाच झाडावर सगळी गर्दी: पानांत सुभग आणि रामगंगा, शेंड्याला निखारांची लाल-पिवळी जोडी, खोडावर डोकं खाली करून उतरणारी शिलींध्री, मधल्या फांद्यांवर शेपटीचा पंखा उघडझाप करणारी नाचण, कुठे नीलमणी, आणि या सगळ्यांनी उडवलेले किडे टिपायला बाजूला बसलेला एखादा कोतवाल. पाच मिनिटांत टोळी पुढे सरकते. चालत राहिलात तर तुमची आणि तिची गाठ पडायची शक्यता फार कमी. बसून राहिलात तर ती तुमच्यावरून जाते. टोळी आली की सगळे पक्षी बघायचा प्रयत्न करू नका. एक निवडा, तो दिसेनासा होईपर्यंत सोडू नका. दहा पक्षी अर्धवट बघण्यापेक्षा हे फार उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट, कान. यातला पाचोळ्याचा भाग लोक सोडून देतात, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. डिसेंबरपासून जमिनीवर सागाच्या पानांचा थर साचतो. साग म्हणजे पापडासारखं पान, त्यावर काहीही हललं की ऐकू येतं. सरडा किंवा सापसुरळी असेल तर आवाज तुटक येतो: खर्रकन एकदा, मग शांतता, मग पुन्हा खर्रकन. घोरपड असेल तर ओढल्यासारखा सलग आवाज, मधूनमधून थांबणारा. सातभाई असतील तर चारी बाजूंनी खसखस, वर कलकलाट. कस्तूर जातीचा पक्षी एकटा असतो आणि चोचीने पान उलटून टाकतो, तो आवाज टप्, टप् असा, पान पडल्यासारखा. रानकोंबडा किंवा चकोत्री पायाने उकरतात: दोन ओरखडे, थांबा, दोन ओरखडे. मुंगूस सरसरत जातो, त्याची दिशा कळते. आणि खूर असलेला प्राणी एकेक पाऊल मोजून टाकतो. पाऊल, मोठी शांतता, पाऊल. आवाज जितका मोठा तितका प्राणी मोठा असं मात्र समजू नका. दुपारच्या शांततेत एक खारही रानडुकराएवढा आवाज करते.

मी आजवर पिसोरी दिवसाउजेडी मोजून चार वेळा पाहिली आहे, चारही वेळा बसलेली असताना आणि चारही वेळा आधी आवाज ऐकून. पिसोरी म्हणजे सशाहून थोडंसं मोठं, अंगावर पांढरट ठिपके आणि पट्टे असलेलं, शिंगं नसलेलं खुराचं जनावर. ती थबकली की पाचोळ्यात विरघळून जाते. पहिल्या वेळी मी तिच्याकडे बघत होते आणि ती मला दिसत नव्हती. तिने कान हलवला तेव्हा दिसली.

तिसरी गोष्ट तुम्हाला खाडीमुळे लगेच कळेल. तुम्ही भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय खाडीवर जात नाही. जंगलाचंही वेळापत्रक असतं, ते झाडांवर लिहिलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. एका फुललेल्या पांगाऱ्यापाशी तासभर बसलात तर शिंजीर, पर्णपक्षी, भोरड्या, मैना, केसराज असे मध पिणारे आणि त्या मधावर आलेले किडे खाणारे कितीतरी पक्षी तिथेच येतात. उंबर किंवा वड पिकला की तांबट, कुटुर्गा, हरियाल, कोकीळ आणि राखी धनेश. पाखरांनी खाली सांडलेली फळं खायला संध्याकाळी भेकर (एक लहान हरीण) किंवा चितळ येतं. एप्रिल-मेमध्ये पाणी कुठे उरलंय एवढंच बघायचं. मेअखेर, पावसाच्या तोंडावर, नवरंग येतो. पहाटे आणि सांजेला त्याची दोन सुरांची शीळ घुमायला लागली की समजायचं, तो पोचला. पहिल्या सरीनंतर वारुळांतून पंख फुटलेली वाळवी उडते तेव्हा शिक्र्यापासून चिमणीपर्यंत सगळे तिच्यावर तुटून पडतात. पावसात ओढ्यांवर शीळकरी कस्तूर, कर्नाळ्याला तिबोटी खंड्या. म्हणून पक्ष्यांच्या पुस्तकाआधी वीस झाडं शिका. साग, ऐन, उंबर, काटेसावर, पळस, पांगारा, मोह, कुडा इथपासून सुरुवात करा. मला जंगल दिसायला लागलं ते झाडं कळायला लागल्यावर.

आता तुमचा काळा पक्षी. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी तो भृंगराज असावा असं म्हणेन, आणि त्याचं मुख्य कारण मर्लिनने दाखवलेली ती दोन नावंच आहेत. भृंगराज पट्टीचा नकलाकार. शिक्रा, सर्पगरुड, हळद्या, इतर कितीतरी पक्ष्यांचे आवाज तो हुबेहूब काढतो. एकाच झाडातून मिनिटभरात शिकारी पक्ष्यांची दोन-तीन नावं येत असतील आणि आभाळ मोकळं असेल, तर आधी भृंगराज शोधावा. मर्लिन वाईट नाही, मीही वापरते. पण तो ‘इकडे बघा’ असं सांगणारा सोबती आहे. डोळ्याने बघितल्याशिवाय ते नाव यादीत लिहू नका.

खात्रीने मात्र सांगता येणार नाही, कारण येऊरला लांब शेपटीचे काळे पक्षी बरेच आहेत आणि तुम्ही शेपटीचं टोक लिहिलेलं नाही. तिथेच सगळं ठरतं. साधा कोतवाल उघड्यावर, तारेवर, गुरांजवळ. शेपूट खोल दुभंगलेली, माशाच्या शेपटीसारखी. राखी कोतवाल हिवाळ्यात येतो, जंगलात उंच फांदीवर बसतो, अंग काळंभोर नसून राखाडी आणि डोळा लाल. पांढऱ्या पोटाच्या कोतवालाचं नावातच सांगितलं आहे. केसराजाच्या शेपटीची टोकं वर वळलेली असतात आणि तो फुलांवर घुटमळतो. भृंगराजाच्या शेपटीतून दोन बारीक तारा निघतात आणि त्यांच्या टोकाला पिसांचे चमचे. तो उडतो तेव्हा दोन भुंगे पाठलाग करताहेत असं वाटतं. पिसं झडायच्या दिवसांत मात्र एखादी तार तुटलेली असते किंवा दोन्ही नसतात, मग कपाळावरच्या तुऱ्याकडे बघायचं.

यावरून ओळखायचा क्रम सांगते. आम्ही रंग शेवटी विचारतो. जंगलात प्रकाश बहुधा पक्ष्याच्या पाठीमागून येतो, त्यामुळे निम्मे पक्षी काळे दिसतात. शीळकरी कस्तूर सावलीत कावळ्यासारखा काळा आणि कवडसा पडला की खांद्यावर निळा झळकतो. म्हणून आधी आकार, तोही ओळखीच्या पक्ष्याच्या मापाने: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कबुतराएवढा, घारीएवढा. मग जागा: जमीन, झुडूप, खोड, मधली फांदी की शेंडा. मग वागणं. झेप घेऊन किडा धरतो आणि त्याच फांदीवर परत येतो, तो बहुधा माशीमार किंवा कोतवाल. पानापानांतून एक क्षणही न थांबता हिंडतो, तो वटवट्या, चष्मेवाला किंवा सुभग. खोडावर सरकत चढतो तो सुतार, उलटा उतरतो ती शिलींध्री. मग शेपूट आणि चोच. इतकं झालं की पुस्तकातली हजार चित्रं पाच-सहावर येतात, आणि मग रंग उपयोगी पडतो. नर-मादी आणि वयातला फरकही लक्षात ठेवा. पांढऱ्याशुभ्र लांब फितींचा स्वर्गीय नर्तक सगळ्यांना माहीत असतो, पण मादी तांबूस आणि आखूड शेपटीची असते, आणि तरुण नर तांबूस रंगात लांब शेपूट घेऊन फिरतो. तीन वेगळे पक्षी पाहिले असं वाटून लोक तीन नावं लिहितात.

दुर्बीण लावण्याची एक सवयही करून घ्या. पक्ष्यावरून नजर काढायची नाही. नजर तिथेच रोवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. बहुतेक जण खाली दुर्बिणीकडे बघतात आणि पुन्हा वर बघेपर्यंत फांदी हरवते. घरी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या एका गजावर रोज दहा वेळा सराव करा, आठवड्यात हात बसेल.

दरीतल्या भुंकण्याबद्दल. पाड्यांवर कुत्री आहेत, त्यामुळे कुत्रा असू शकतो. पण कुत्र्याचं भुंकणं बदलतं, वाढतं, दुसरी कुत्री उत्तर देतात. एकाच जागेवरून, सारख्या अंतराने, खरखरीत एकेक भुंक बराच वेळ येत असेल तर ते भेकर. ते सावध झालं की असं ओरडतं. कारण बिबट्या असेल, माणूस असेल, कुत्राही असेल. एकट्या भेकरावरून निष्कर्ष काढू नका. झाडावरची वानरंही खाकरायला लागली आणि सगळी एकाच दिशेने खाली बघत असतील, तर गोष्ट वेगळी. त्यात सांबराचा भोंग्यासारखा मोठा आवाज मिसळला तर मी गटाला जागेवर उभं करते, सगळ्यांना जवळ घेते आणि आवाज शमल्यावर आल्या वाटेने परत फिरते. पुढे जाऊन बघायचा मोह कितीही झाला तरी जायचं नाही. त्या प्राण्याची वाट आपण अडवायची नसते.

प्राणी दिसले नाहीत तरी त्यांचं वाचन करता येतं, आणि मला स्वतःला ते पक्ष्यांपेक्षाही जास्त आवडतं. ओढ्याकाठचा ओला गाळ आणि पायवाटेवरची बारीक धूळ रोज सकाळी नवी पाटी असते. सुरुवातीच्या काळात मी एका गटाला मोठ्या खात्रीने बिबट्याचा ठसा दाखवला होता. पाड्यावरचे एक वारली काका सोबत होते. लोक पुढे गेल्यावर त्यांनी मला हळूच काडीने दाखवलं: बाई, नखं बघा. बोटांपुढे नखांची चार टिंबं होती. कुत्रा. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे उमटतात आणि बोटं जरा तिरपी बसतात. कुत्र्याचा ठसा दोन्ही बाजूंनी सारखा आणि तळवा त्रिकोणी. त्या दिवशी मी गटाला थांबवून चूक सांगितली, आणि तेव्हापासून नख तपासल्याशिवाय बोलत नाही. हे काका आणि पाड्यांवरची इतर माणसं जे जाणतात ते कुठल्या पुस्तकात एकत्र सापडत नाही. त्यांच्याशी बोला, आणि वाटाड्या म्हणून घेतलंत तर योग्य मोबदला द्या.

बाकी खुणा भराभर सांगते. दगडावर किंवा आडव्या खोडावर मुद्दाम ठेवल्यासारखी, शिंदीच्या किंवा भेर्ली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा उदमांजराची. केसांनी भरलेली, पिळवटलेली, वाटेच्या मधोमध असेल तर मांसभक्षकाची. नांगरल्यासारखी उलटलेली माती रानडुकराची. बुंध्याशी कुरतडलेली साल आणि काळा-पांढरा काटा साळिंदराचा. बोटाच्या पेराएवढा टोकदार जोडखूर दिसला तर वाकून नीट बघा, पिसोरी असू शकते. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून मोबाइलवर फोटो घ्या, मापाशिवाय ठशाच्या फोटोला अर्थ नाही.

काही गोष्टींत मी तडजोड करत नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत तो हद्द राखायला धावत येतो, तेवढा वेळ अंडी-पिल्लं उघडी राहतात. तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर जुलैमध्ये माणसांची रांग मी पाहिली आहे, आणि चोचीत घास धरून तासभर फांदीवर ताटकळलेली त्याची जोडीही. घरट्याची जागा कुणाला कळवू नका. माकडांना खायला देऊ नका. वनखात्याच्या फाटकावर वेळ आणि परवानगी विचारून आत जा, ठरलेली वाट सोडू नका, एकटे जाऊ नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर या.

पुढच्या खेपेला असं करा. मधल्या वारी, सूर्य उगवल्यावर लगेच, ओढ्याजवळचं पिकलेलं उंबर शोधा आणि पंधरा-वीस पावलांवर, ऊन पाठीशी येईल असे बसा. दीड तास तिथून हलू नका. पुस्तक पिशवीतच ठेवा. वहीत प्रत्येक पक्ष्यासमोर आकार, जागा, वागणं आणि शेपूट एवढंच लिहा, नाव सुचलं नाही तर ती जागा कोरी ठेवा. माझ्या वहीत अजूनही दर खेपेला दोन-तीन कोऱ्या जागा असतात. आणि तो काळा पक्षी परत दिसला तर शेपटीचं टोक कसं होतं, ते इथे नक्की लिहा.